वाहक मुलीला नाकारून सिकलसेल थांबत नाही, वाढतो

लग्नाआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची टेस्ट कायद्यानं सक्तीची करा, सर्टिफिकेट नसेल तर लग्नाचं रजिस्ट्रेशनच करू नका, ही मागणी आपल्या विदर्भात दर थोड्या दिवसांनी कुठून ना कुठून येतेच. मागणी करणारे लोक मनापासून करतात हे मला माहीत आहे. त्यांनी घरात पोरगं रात्रभर सांधे धरून कळवळताना पाहिलेलं असतं, पिवळे पडलेले डोळे पाहिलेले असतात, रक्ताच्या बाटलीसाठी फिरलेले असतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला मला जड जातं. तरीही मी या सक्तीच्या विरोधात आहे. टेस्ट सगळ्यांची झाली पाहिजे, याबद्दल माझं काहीच दुमत नाही. पण ती साक्षगंधाच्या तोंडावर, दोन्हीकडचे पाहुणे बसलेले असताना, हो किंवा नाही ठरवायला वापरली तर तिनं रोग कमी होणार नाही आणि पोरींचे हाल मात्र होतील. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, हा सगळा हिशोब जीन एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कशी जाते त्यातूनच निघतो. आणि तो हिशोबच आपल्याकडे कोणी लोकांना नीट बसून सांगत नाही.

तर आधी तेच बघू. आपल्या रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं, त्यातली एक साखळी बीटा, १४६ अमिनो ॲसिडची. ती कशी बनवायची याची माहिती ११व्या क्रोमोसोमवरच्या एचबीबी नावाच्या जीनमध्ये असते. सिकलसेलमध्ये या जीनच्या डीएनएतल्या एका अक्षरात बदल झालेला असतो, ए च्या जागी टी, बस एवढंच. त्यामुळे साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब लांब धागे बनवतं, पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथे दुखतं, आणि कसं दुखतं ते ज्याला झालंय त्यालाच माहीत. नॉर्मल लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मरते, म्हणून रक्त सतत कमी. नागपूरच्या उन्हाळ्यात, नवतपात, पाणी कमी पडलं की या मुलांना क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, यायला वेळ लागत नाही.

हा फरक हिमोग्लोबिनच्या एका छोट्याशा तुकड्यातच आहे हे व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञानं दाखवलं, आणि त्याचा लेख 'नेचर'मध्ये आला १३ ऑक्टोबर १९५६ ला. पुढच्या वर्षी नेमकं कोणतं अमिनो ॲसिड बदललं तेही त्यानं सांगितलं. तारीख नागपूरकरांनी परत एकदा वाचावी. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, इथे आपल्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब लाखो लोकांसोबत बौद्ध धम्म स्वीकारत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही. माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरत नाही असं ज्या शहरातून जाहीर झालं, त्याच शहरात आज रक्ताच्या रिपोर्टवरून पोरीची किंमत ठरत असेल तर आपण कुठे चाललोय?

आता वारसा. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन कॉपी असतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही चांगल्या असतील तर रिपोर्टवर एए, इथे ए म्हणजे चांगली कॉपी आणि एस म्हणजे सिकलची. एक चांगली आणि एक बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. आपल्याकडे लोक 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असंच म्हणतात. वाहकाला रोज जगण्यात काही त्रास नसतो, चांगली कॉपी काम भागवून नेते, तो शाळेत पळतो, शेतात राबतो, पोलीस भरतीची तयारी करतो, आणि टेस्ट केली नाही तर आयुष्यभर त्याला कळतही नाही.

मूल होताना प्रत्येक पालक आपल्या दोनपैकी एकच कॉपी देतो, कोणती ते नाणं उडवल्यासारखं ठरतं. एएस आणि एए यांचं लग्न झालं तर मुलं निम्मी एए, निम्मी एएस होण्याची शक्यता. एसएस एकही नाही. हे वाक्य मला मोठ्या अक्षरात प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहावंसं वाटतं, एकही नाही. एसएस आणि एए यांचं लग्न झालं तर सगळी मुलं वाहक, रुग्ण त्यातही एकही नाही. दोघंही एएस असले तरच, आणि एसएसचं लग्न एएस किंवा एसएसशी झालं तर, मुलाला आजार होऊ शकतो. दोघं एएस असतील तर दरवेळी २५ टक्के एसएस, ५० टक्के एएस, २५ टक्के एए.

'दरवेळी' या शब्दावर लोक अडखळतात. चारातला एक असं ऐकलं की लोकांना वाटतं पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार. असं मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. नाण्याला मागचं काही आठवत नाही. पहिलं एसएस असलं तरी दुसऱ्याला तेवढाच २५ टक्के, तिसऱ्यालाही तेवढाच. आणि याच्या उलटही होतं, दोन मुलं धडधाकट झाली की घरचे म्हणतात, आमच्यात कोणालेच नाही, आम्ही कशाला टेस्ट करायची. पण हिशोब करून बघा, दोघं वाहक असलेल्या जोडप्याला दोन मुलं झाली तर दोन्ही मुलं आजारमुक्त असण्याची शक्यता तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे ५६ टक्के. तीन मुलांत एकही आजारी नसण्याची शक्यता ४२ टक्के. म्हणजे दोन मुलांवर थांबणाऱ्या निम्म्याहून जास्त वाहक जोडप्यांना आपण वाहक आहोत हे कधी समजणारच नाही. त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या 'कोणालाच नाही', आणि जीन मात्र शांतपणे पुढे चाललेली. म्हणून घराण्याच्या इतिहासावरून काही ठरत नाही, रक्त तपासल्याशिवाय कळायचा दुसरा रस्ताच नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा एखाद्या समाजात दर दहातला एक माणूस वाहक आहे, असं धरून चला, गणित सोपं जावं म्हणून. तिथे कोणाचंच काही न बघता शंभर लग्नं झाली तर साधारण एका लग्नात दोघं वाहक निघतील आणि अठरा लग्नांत एक वाहक आणि एक नॉर्मल. त्या अठरा लग्नांत आजारी मूल होण्याची शक्यता शून्य आहे. काळजी फक्त एका लग्नाची. पण लोकांच्या डोक्यात 'सिकलसेल आहे म्हणजे नको' एवढंच बसलं असेल, तर सर्टिफिकेट सक्तीचं झाल्यावर काय होईल? ती अठराही मोडतील. एका लग्नासाठी अठरा मोडली, हे एक नुकसान. दुसरं नुकसान यापेक्षा मोठं आहे आणि त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ज्यांना नॉर्मल घरांनी नाकारलं ते वाहक पोरं-पोरी जाणार कुठे? एक तर ते रिपोर्ट लपवणार, नाहीतर शेवटी एकमेकांशीच लग्न करणार. म्हणजे जी जोडी आपल्याला नको होती नेमकी तीच जोडी आपण आपल्या हातानं जुळवणार.

वाहकासाठी वैद्यकीय दृष्टीनं सगळ्यात चांगलं स्थळ म्हणजे एए रिपोर्टवालं स्थळ. ज्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे त्यानं वाहकाला नाकारायला काही कारणच नाही, त्याच्या मुलांना हा आजार सिकलसेलच्या जीनमधून होऊच शकत नाही. आणि तरी आपल्याकडे नाकारणारे बहुतेक तेच असतात. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं असंच झालं, ती एएस, मुलगा एए, सगळं पसंत, साड्यांची खरेदी झालेली, आणि मुलाच्या काकांनी 'रक्तात दोष आहे' म्हणून मोडलं. त्या घरात कोणालाही कुठल्या डॉक्टरनं हे पाच वाक्यांत सांगितलं असतं तर ते लग्न झालं असतं. मुलगी शिकलेली होती, तिनं स्वतः वहीवर चौकट काढून दाखवली, पण मुलीचं कोण ऐकतो.

हे मी मनानं रचलेलं भविष्य नाहीये, हे जगात होऊन गेलंय. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे, तिथे सिकलसेलच्या वाहकांचं प्रमाण खूप, आणि आपल्यासारखीच ठरवून लग्नं व्हायची. १९७० च्या आसपास तिथे सगळ्यांची तपासणी झाली, लोकांना समजावलं, की वाहक-वाहक टाळा. काही वर्षांनी स्टामाटोयानोपुलोस या संशोधकानं परत जाऊन बघितलं तर वाहक-वाहक लग्नं जेवढी योगायोगानं झाली असती जवळपास तेवढीच झालेली. बदललं काय होतं? वाहकांवर डाग बसला होता, काही लोक आपला रिपोर्ट लपवून लग्न करत होते. तपासणी झाली, खर्च झाला, रोग तिथेच, आणि वरून बदनामी. अमेरिकेतही १९७० च्या सुरुवातीला काही राज्यांनी सक्तीचे कायदे केले, त्यात काळ्या लोकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले, निव्वळ वाहक आहेत म्हणून, आजारीही नव्हते. शेवटी १९७२ चा केंद्रीय कायदा आला आणि त्यात तपासणी ऐच्छिक असावी असं ठेवलं. सौदी अरेबियानं २००४ पासून लग्नाआधीची टेस्ट सक्तीची केली, तिथे सुरुवातीच्या वर्षांत दोघंही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी तरीही लग्न केलं, कारण तोपर्यंत तारीख ठरलेली, लोकांना आमंत्रणं गेलेली. टेस्ट इतक्या उशिरा केली तर दुसरं काय होणार?

कोणी म्हणेल, मग सायप्रसचं काय? बरोबर आहे, सायप्रसचं उदाहरण मला टाळता येणार नाही. तिथे थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचं, प्रमाण भयंकर होतं, सातातला एक माणूस वाहक. १९८३ पासून तिथल्या चर्चनं लग्नाआधी तपासणीचं सर्टिफिकेट मागायला सुरुवात केली आणि आजारी मुलं जन्मायचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं. पण त्या सर्टिफिकेटवर काय लिहिलेलं असतं ते बघा. फक्त एवढंच, की या दोघांची तपासणी झाली आणि त्यांना समजावून सांगितलं. रिपोर्ट काय आला ते चर्चलाही सांगत नाहीत. आणि दोघं वाहक निघालेल्यांपैकी बहुतेकांनी लग्न केलंच, फरक पडला तो गर्भावस्थेतल्या तपासणीची सोय जवळ आणि सहज असल्यामुळे. म्हणजे सायप्रसमध्ये यश आलं ते लग्नं मोडून नाही. आपल्याकडे जे लोक सायप्रसचं नाव घेऊन सक्ती मागतात त्यांनी ही अर्धी गोष्टही सांगितली पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे तो जातीचा. सिकलसेल म्हणजे अमुक समाजाचा रोग असं लोक सर्रास बोलतात. विदर्भात हा आदिवासी समाजांत आहे, बौद्धांत आहे, तेली-कुणब्यांतही आहे. आणि तो का आहे याचं कारण समजलं तर डाग लावायची हिंमत होणार नाही. १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की वाहक मुलांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे शतकानुशतकं मलेरियानं लेकरं मेली तिथे एक बदललेली कॉपी असलेली मुलं जास्त जगली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि जीन टिकली. आपल्या गडचिरोलीच्या जंगलात आजही मलेरिया आहे. म्हणजे ज्या जीनला आज 'खराब रक्त' म्हणतात त्या जीनमुळेच कोणाचे तरी खापरपणजोबा वाचले. भारतात ही जीन पहिल्यांदा नोंदवली गेली १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. जीनला जात कळत नाही. पण आपण जातीतच लग्नं लावतो, त्याच त्या गोतावळ्यात, म्हणून वाहकाला वाहक भेटायची शक्यता वाढत जाते. हा जातीतल्या लग्नांचा परिणाम आहे, जातीच्या रक्ताचा नाही, आणि यातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट नागपुरात तरी सगळ्यांना माहीत असायला हवी. जरीपटक्यात सिंधी समाज मोठा आहे, आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण बऱ्यापैकी आहे. एका पालकात सिकलसेलची कॉपी आणि दुसऱ्यात बीटा थॅलेसेमियाची कॉपी असेल, दोघंही ठणठणीत, तरी मुलाला दोन्ही मिळून आजार होऊ शकतो, कारण बिघाड एकाच बीटा जीनमधला आहे. आणि शिबिरात जी झटपट सोल्युबिलिटी टेस्ट करतात ना, तिच्यात थॅलेसेमिया सापडत नाही, इतकंच काय, त्या टेस्टनं एएस आणि एसएस वेगळंही करता येत नाही, फक्त सिकल आहे की नाही एवढं कळतं. नीट कळायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली टेस्ट लागते. आता विचार करा, 'सिकलसेल : नाही' असं सर्टिफिकेट हातात घेऊन निर्धास्त झालेला मुलगा थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. सक्तीचा कायदा झाला की घाईघाईत स्वस्तातली टेस्ट होणार, कागद मिळणार, आणि त्या कागदावर लोकांचा आंधळा विश्वास बसणार.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं आहे की टेस्ट लग्नाच्या बाजारातून पूर्ण बाहेर काढा. अकरावी-बारावीला, आयटीआयला, पॉलिटेक्निकला असतानाच करा, मुलांची आणि मुलींची सोबत, एचपीएलसीच करा. त्या वयात कोणाचंही स्थळ ठरलेलं नसतं, डोकं शांत असतं. बारावी सायन्सच्या बायोलॉजीत सिकलसेलचं उदाहरण असतंच, पण आर्ट्स-कॉमर्सच्या आणि शाळा सुटलेल्या मुलांना ते कोण शिकवणार? त्यांना तर जास्त गरज आहे. एक तास द्या, फळ्यावर चार चौकटी काढा, नाणं उडवून दाखवा, मुलांना लगेच कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर. रिपोर्ट बंद पाकिटात त्याच मुलाच्या हातात द्या, वर्गात वाचून दाखवू नका, आणि नंतर एकटं बसून त्याला विचारता येईल असा माणूस ठेवा. जो वाहक निघेल त्याच्या भावा-बहिणींना सांगा, कारण त्यांच्यातही ती कॉपी असण्याची शक्यता निदान निम्मी असते. माणूस वीस वर्षांचा होईपर्यंत आपला पॅटर्न आपल्या रक्तगटासारखा त्याला पाठ असला पाहिजे.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे. तपासणीचे आकडे सरकार सांगतंही. पण तपासणी झालेल्या माणसाला त्याचा रिपोर्ट समजला का, याचा आकडा कोणी मागत नाही. मी शिबिरात कार्ड मिळालेल्या बाया पाहिल्या आहेत, कार्ड पदराखाली धरून उभ्या, आणि विचारतात की माझं लेकरू आता किती दिवस जगेल, आणि लेकरू फक्त एएस असतं. त्या बाईला त्या दिवशी पाच मिनिटं कोणी दिली नाहीत. पाच मिनिटांचा समुपदेशक नसेल तर ते शिबिर माझ्या मते अर्धवट आहे, कितीही हजार लोकांचं झालं असलं तरी.

'निर्मूलन' म्हणजे काय हेही स्पष्ट बोललं पाहिजे. जीन नाहीशी होणार नाही, २०४७ पर्यंतच काय त्यानंतरही नाही, कारण एएस आणि एएच्या मुलांत निम्मी परत एएस होतात, आणि त्यात काही बिघडत नाही. कमी करायचं आहे ते दुःख. आणि जी एसएस मुलं आज आपल्यात आहेत ती काही चुकून जन्मलेली नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित मिळालं, लसी वेळेवर झाल्या, ताप आला की लगेच दवाखान्यात नेलं, पाणी भरपूर प्यायले, तर ती शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, त्यांचे हक्क आहेत. एसएस माणसाचं लग्न एए माणसाशी झालं तर मुलं सगळी वाहक, आजारी कोणी नाही, म्हणजे त्यांनाही संसाराचा दरवाजा बंद नाही, बाईच्या बाबतीत गरोदरपणात डॉक्टरांची जास्त देखरेख लागते एवढंच.

जीन थेरपीबद्दल पेपरात वाचून लोक विचारतात, की आता इलाज निघालाय ना? २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर या जीन कापून बदलायच्या तंत्रावरची पहिली थेरपी मंजूर झाली, अमेरिकेत तेव्हा किंमत होती २२ लाख डॉलर, आपल्या कामठी-उमरेडच्या माणसाला ती कधी परवडणार. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, ती थेरपी बोनमॅरोतल्या पेशी बदलते. अंडं किंवा शुक्राणू बदलत नाही. थेरपीनं बरा झालेला माणूससुद्धा मुलाला तीच बदललेली कॉपी देणार. बोनमॅरो ट्रान्सप्लांटचंही तसंच. म्हणून इलाज कितीही पुढे गेला तरी वारशाचं हे साधं गणित शिकावंच लागेल.

आता ज्यांची लग्नं झालेली आहेत त्यांचं. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. मूल आजारी निघालं की सासर म्हणतं, हिच्या माहेरचा रोग. एसएस मूल होण्यासाठी एक कॉपी बापाचीच लागते, बापाकडून आल्याशिवाय ते होतच नाही, हे त्या घरात कोणी मोठ्यानं बोलायला तयार नसतं. गरोदर बाईची टेस्ट होते, ती एएस निघते, नर्सताई सांगते की नवऱ्याला घेऊन ये. आणि नवरा येत नाही. कामावर आहे, वेळ नाही, मला काय झालंय, मी तर धडधाकट आहे. दिवस जात राहतात. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेतला छोटा तुकडा घेऊन करता येते, त्यानंतर पंधराव्या-सोळाव्या आठवड्यापासून गर्भजल काढून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्याची मुदत वाढली आहे हे खरं, पण उशिरा घ्यायला लागलेला निर्णय बाईच्या शरीराला आणि मनाला किती जड जातो. निर्णय त्या जोडप्याचा, ठेवायचं की नाही हे दुसऱ्या कोणी सांगू नये, सरकारनंही नाही आणि सासूनंही नाही. पण निर्णय घ्यायला वेळ हातात असला पाहिजे, आणि तो वेळ नवऱ्याच्या दोन मिलीलिटर रक्तावर अडकून बसतो. मला विचाराल तर सक्ती करायचीच असेल तर ती इथे करा, बायकोचा रिपोर्ट एएस आला की आरोग्यसेविकेनं नवऱ्याला घरी किंवा कामावर जाऊन गाठायचं, आठ दिवसांत त्याचं रक्त लॅबमध्ये पोचलंच पाहिजे, आणि याची जबाबदारी बाईवर टाकायची नाही, यंत्रणेवर टाकायची.

राहिले समाजाचे परिचय मेळावे. काही बायोडाट्यांत आता रक्तगटाच्या खाली 'सिकलसेल : नाही' असं लिहायला लागलेत. मेळावे भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की हा रकाना काढून टाका. त्याऐवजी हॉलच्या एका कोपऱ्यात टेबल टाका, तिथे दिवसभर एक समुपदेशक बसवा, आणि स्टेजवरून सांगा की ज्यांचं जुळतंय त्या मुलानं आणि मुलीनं दोघांनी मिळून तिकडे जावं, आईबापांना सोबत न घेता, आपापले रिपोर्ट घेऊन. दोघांपैकी एकाचा एए असेल आणि एचपीएलसीत थॅलेसेमियाही नसेल तर समुपदेशकानं एवढंच सांगायचं, की तुमच्या मुलांना हा आजार होणार नाही, या जाऊन. दोघंही वाहक निघाले तर त्यांच्याशी दार लावून अर्धा तास बोलायचं, आणि पुढे काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्यायचं.